पायमू आणि विंटर रिव्ह्यू: पाण्याचं नेटवर्क कुठे मोडेल ते आधीच शोधायचं असेल तर

सरळ मुद्द्यावर येते. नगरपालिकेत, जीवन प्राधिकरणात नाहीतर कन्सल्टन्सीत बसून पाण्याच्या योजना करणारे जे कोणी आहेत, किंवा एमटेकसाठी प्रोजेक्ट शोधणारी पोरं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दोन सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट, दोन्ही पायथनमधली. एक पायमू, ज्यात उत्क्रांतीच्या तत्त्वावर चालणारे अल्गोरिदम आहेत, म्हणजे जेनेटिक अल्गोरिदम आणि त्याची सगळी भावंडं. दुसरं विंटर, अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, आणि तिथल्या सँडिया नॅशनल लॅबनं मिळून बनवलेलं, ज्यात पाण्याचं नेटवर्क कॉम्प्युटरवर मुद्दाम मोडून बघता येतं. पाइप फोडा, पंपाची लाईट घालवा, टाकी बंद करा, भूकंप आणा, कुठे आग लागलीय आणि हायड्रंटला पाणी ओढलं जातंय असं दाखवा, आणि मग कोणाच्या नळाला पाणी येतं आणि कोणाच्या नाही ते तासातासाला बघा. ही दोन जोडली की असा प्रश्न विचारता येतो: माझ्याकडे एवढेच पैसे आहेत, तर कुठले पाइप बदलू, व्हॉल्व्ह कुठे टाकू, जनरेटर कुठल्या पंपहाऊसला देऊ, म्हणजे उद्या काहीतरी बंद पडलं तरी कमीत कमी घरांचं पाणी तुटेल?

मी ही जोडी बरेच दिवस कामात वापरतेय, आधी नमुन्याच्या नेटवर्कवर आणि मग एका खऱ्या शहराच्या मॉडेलवर. ५ पैकी ४ स्टार. पाचवा का नाही ते पुढे सांगते, त्यात सॉफ्टवेअरचा वाटा थोडा आहे आणि आपल्याकडे पाणी ज्या पद्धतीनं सोडतात त्याचा जास्त.

हे सगळं लागतंच कशाला, अनुभवी इंजिनिअरला नकाशा बघून कळत नाही का, हा प्रश्न मला ऑफिसात पहिल्यांदा विचारला गेला आणि तो रास्त आहे. विंटरबरोबर नेट-३ नावाचं नमुन्याचं नेटवर्क येतं, छोटंसंच, ९२ जंक्शन (पाइप जिथे मिळतात किंवा पाणी जिथे घेतलं जातं ते बिंदू), ११७ पाइप, ३ टाक्या, २ पंप, एक नदीचा सोर्स आणि एक तलावाचा. समजा या ११७ पाइपांतले फक्त १० बदलायचे पैसे आहेत. १० पाइप निवडायचे किती मार्ग? साधारण ८९ लाख कोटी. एकेक पर्याय तपासायला एक सेकंद धरला तरी २८ लाख वर्षं लागतील, आणि खऱ्या शहरात ११७ नाही, हजारोंनी पाइप असतात. अनुभवी माणूस यातले चांगले दहा-वीस पर्याय सांगेल, आणि ते बहुतेक वेळा खरंच चांगले असतात, पण दोन ठिकाणचे बिघाड एकत्र आले की डोक्यात हिशोब राहत नाही, तिथे कोणाचाही अनुभव अपुरा पडतो.

उत्क्रांतीवाले अल्गोरिदम काय करतात तर सगळे पर्याय तपासायचा हट्टच सोडून देतात. शंभर-एक पर्याय आधी रँडम बनवतात, प्रत्येकाला नेटवर्कवर चालवून बघतात, जे बरे निघाले त्यांच्यात संकर करतात, म्हणजे याच्या निम्म्या निवडी आणि त्याच्या निम्म्या, अधूनमधून एखादी निवड उगाच बदलतात, आणि पुन्हा तपासतात. शेतकरी दरवर्षी चांगली कणसं बियाण्याला राखून ठेवतो तेच हे, फक्त इथे दोनशे पिढ्या रात्रीतून होतात. उत्तर सर्वोत्तमच आहे अशी खात्री मिळत नाही, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा आणि वरिष्ठांनाही तसंच सांगा.

आणि हे तंत्र आपल्या क्षेत्रात बाहेरून आलेलं नाही हेही सांगते, कारण पुष्कळ सिव्हिलवाले याला आयटीचं खूळ समजतात. डेव्हिड गोल्डबर्ग, ज्यांनी जेनेटिक अल्गोरिदम इंजिनिअरिंगमध्ये रुजवले, ते मूळचे सिव्हिल इंजिनिअर. मिशिगन विद्यापीठात १९८३ मध्ये त्यांनी पीएचडी केली ती गॅस पाइपलाईन चालवण्यावर, आणि त्यांच्या प्रोग्रॅमला शिकायचं काय होतं तर उन्हाळ्या-हिवाळ्यात लाईन नीट चालवायची आणि लिकेज झालं तर ओळखायचं. म्हणजे सुरुवातच पाइप आणि गळतीपासून झालीय. याच गोल्डबर्गांच्या हाताखाली पुढे कल्याणमय देब यांनी पीएचडी केली, मग आयआयटी कानपूरला येऊन त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर एनएसजीए-२ हा अल्गोरिदम बनवला, त्याचा पेपर २००२ चा, आणि आज जगात बहुउद्देशीय ऑप्टिमायझेशन, म्हणजे एकाच वेळी अनेक उद्दिष्टं सांभाळून चांगले पर्याय शोधणं, म्हटलं की बहुतेक जण आधी तोच चालवून बघतात. पायमू ही लायब्ररी ज्युलियन ब्लँक आणि हेच देब यांची, मिशिगन स्टेट विद्यापीठातली. मला याचं मनापासून कौतुक वाटतं, कानपूरच्या लॅबमध्ये झालेलं काम आपण आपल्याच शहरांच्या पाण्याला लावू शकतो, एक रुपया न देता.

पाण्याच्या क्षेत्रात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथे शहराला पाणी आणणारे दोन मोठे बोगदे, पहिला १९१७ चा, दुसरा १९३६ चा. ते इतके महत्त्वाचे की आत उतरून तपासायला बंदच करता येईनात, कारण बंद केले तर शहर कोरडं, म्हणून तिसरा बोगदा १९७० मध्ये खणायला घेतला, त्याचा पहिला टप्पा १९९८ ला सुरू झाला आणि मॅनहॅटनचा भाग २०१३ ला. जी गोष्ट दुरुस्तीसाठीसुद्धा बंद करता येत नाही तीच सगळ्यात धोक्याची, हे त्या उदाहरणातून कळतं, आणि आपल्या प्रत्येक गावात अशी एक तरी रायझिंग मेन, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंत पाणी चढवणारी मुख्य लाईन, असतेच. याच बोगद्यांच्या जाळ्यावरून संशोधकांनी १९६९ पासून एक कोडं केलं, २१ बोगदे, प्रत्येकाला समांतर काही टाकायचं की नाही आणि टाकलं तर कुठल्या व्यासाचं असे १६ पर्याय. १६ चा २१ वा घात, म्हणजे १ वर २५ शून्यं त्याच्या जवळपास दुप्पट. जेनेटिक अल्गोरिदमवाल्यांनी नव्वदच्या दशकात हे कोडं घेतलं आणि तेव्हापासून नवीन अल्गोरिदम आला की त्याला यावर घासून बघतात. तुम्हीही शिकताना आधी हेच सोडवून बघा, उत्तरं छापलेली आहेत, आपलं बरोबर आलं का ते ताडून बघता येतं.

आता वापरायला कसं आहे. दोन्ही पिपनं, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरनं, इन्स्टॉल होतात, साधा लॅपटॉप चालतो. विंटर इपानेटची, म्हणजे पाण्याच्या नेटवर्कसाठी ईपीएनंच बनवलेल्या जुन्या सॉफ्टवेअरची, फाइल थेट वाचतं, म्हणजे ज्या कन्सल्टंटकडे मॉडेल तयार आहे त्याला नव्यानं काही काढावं लागत नाही, ही फार मोठी सोय. एक गोष्ट लक्षात ठेवा, आत सगळं एसआय युनिटमध्ये असतं, व्यास मीटरमध्ये, प्रवाह घनमीटर प्रति सेकंद, तुमच्या फाइलमध्ये मिलिमीटर आणि लिटर असले तरी, त्यामुळे कोडमधून व्यास बदलताना ३०० लिहिलं तर तीनशे मीटर व्यासाचा पाइप होतो आणि प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही. दुसरं, एक सिम्युलेशन झालं की नेटवर्कची अवस्था, म्हणजे टाक्यांची पातळी, पंप चालू की बंद, ती तशीच राहते, पुढचा पर्याय तपासायच्या आधी रिसेट करावं लागतं नाहीतर नवीन कॉपी घ्यावी लागते. जेनेटिक अल्गोरिदमच्या लूपमध्ये हे सुटलं तर प्रत्येक पर्यायाला आधीच्याची रिकामी टाकी वारशात मिळते आणि सगळे निकाल वाया.

पायमूमध्ये आपला प्रश्न एका क्लासमध्ये लिहायचा, किती व्हेरिएबल, काय कमी करायचंय, अटी काय. सगळं कमी करण्याच्या भाषेत लिहायचं, जास्त हवं असेल तर उणे चिन्ह लावायचं, अटी शून्यापेक्षा कमी किंवा बरोबर अशा मांडायच्या. एकदा हात बसला की छान आहे. पाइप बदलायचा की नाही असा हो-नाही प्रश्न असेल तर त्यासाठी बायनरी सॅम्पलिंग आणि बिट पलटणारं म्युटेशन तयार मिळतं, डिफॉल्टचे ऑपरेटर खऱ्या आकड्यांसाठी आहेत, ते इथे चालत नाहीत. तक्रार एकच, ०.५ वरून ०.६ व्हर्जनला जाताना फॅक्टरी नावाचं मॉड्यूल काढून टाकलंय आणि नेटवरची अर्धी ट्युटोरियल जुन्या पद्धतीची आहेत, ती चालत नाहीत आणि नवीन माणूस तिथेच कंटाळतो. अधिकृत डॉक्युमेंटेशन मात्र चांगलं आहे, तेच वाचा.

आता खरा भाग, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

उत्क्रांती तुम्ही मागितलेलं देते, तुमच्या मनात काय होतं ते तिला माहीत नसतं. मॉडेलमध्ये जी फट असेल तिथूनच ती आत शिरते आणि उत्तर देखणं दिसतं. पहिलं उदाहरण, इपानेटची जुनी पद्धत अशी की जंक्शनला जेवढी मागणी लिहिलीय तेवढं पाणी पोचलंच असं धरून गणित करायचं, मग दाब उणे का येईना. विंटरमध्येही डिफॉल्ट तेच आहे. या पद्धतीवर पाइप फोडून ऑप्टिमायझेशन चालवलं तर अल्गोरिदमला वाटतं सगळ्यांना पाणी मिळालं, मग पैसे कशाला खर्च करू, आणि तो सगळ्यात स्वस्त काहीच-करू-नका असा पर्याय पहिल्या नंबरला आणून ठेवतो. म्हणून दाबावर अवलंबून मागणी, ती सेटिंग आधी चालू करा. पण तेवढ्यानं भागत नाही. तिथे पूर्ण पाण्यासाठी लागणारा दाब डिफॉल्टला ०.०७ मीटर आहे, म्हणजे सात सेंटिमीटर पाण्याची उंची असली की गिऱ्हाईकाला पूर्ण पाणी मिळालं असं ते धरतं. आपल्या सीपीएचईईओच्या, म्हणजे पाणीपुरवठ्याचे निकष ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, १९९९ च्या मॅन्युअलमध्ये एक मजल्याला ७ मीटर, दोन मजल्यांना १२, तीन मजल्यांना १७ असा किमान दाब सांगितला होता, आता जो लागू असेल तो आकडा स्वतः भरा. या एका ओळीनं पूर्ण निकाल बदलतो, आणि गंमत म्हणून नाही सांगत, रिपोर्ट मंजुरीला जायच्या आधी ही ओळ कोणीतरी तपासलीच पाहिजे.

दुसरी फट म्हणजे सरासरी. आपण लिहितो, बिघाडात एकूण किती लिटर पाणी कमी पडलं ते कमीत कमी करा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण अल्गोरिदम शिकतो की मोठ्या मागणीचा भाग सांभाळला की आकडा लगेच सुधारतो, आणि टोकाची वस्ती, टेकडीवरची, जिथे मॉडेलमध्ये मागणी थोडी लिहिलीय, तिच्यासाठी काही करण्यात त्याला फायदा दिसत नाही. आणि मागणी थोडी का लिहिलीय? कारण ती नोंदलेल्या कनेक्शनवरून काढतात आणि तिथे पन्नास घरं एका स्टँडपोस्टवर, म्हणजे सार्वजनिक नळावर, भरतात. मॉडेलमध्ये ती माणसं जवळजवळ नाहीतच, मग त्यांच्यासाठी दुसरी लाईन कशाला? मी जे शहर केलं त्यात पहिल्या दोन उद्दिष्टांवर, खर्च आणि एकूण तूट, आलेल्या पर्यायांत टोकाच्या एका वस्तीला कुठल्याच पर्यायात काही मिळत नव्हतं. एकाही नाही. म्हणून तिसरं उद्दिष्ट घातलं: सगळ्यात वाईट अवस्थेतल्या जंक्शनला किती तास पाणी नाही, ते कमी करा, आणि मागणीच्या जागी माणसं मोजली, तीही प्रत्यक्ष जाऊन.

आणि इथे एनएसजीए-२ ची खरी किंमत कळते. तो एक उत्तर देत नाही, पर्यायांची अख्खी रांग देतो, ज्यातल्या कुठल्याच पर्यायाला दुसरा पर्याय सगळ्या बाबतीत हरवत नाही. एकीकडे स्वस्त, दुसरीकडे भक्कम, आणि मधले सगळे. तिसरं उद्दिष्ट घातल्यावर त्या रांगेत स्पष्ट दिसलं की टोकाच्या वस्तीचं पाणी बिघाडातही चालू ठेवायला किती जास्त पैसे लागतात, आणि ते लोकांना वाटत होतं त्यापेक्षा बरेच कमी निघाले, कारण नवीन मोठी लाईन लागत नव्हती, जवळच्या झोनमधून एक छोटी जोडणी आणि दोन स्लुइस व्हॉल्व्ह पुरत होते. माणसाच्या नजरेला ती जोडणी सुचली नव्हती कारण दोन्ही झोन वेगवेगळ्या टाक्यांवर आहेत, वेगवेगळ्या इंजिनिअरांकडे. मीटिंगमध्ये हा आलेख समोर ठेवला की चर्चा "शक्य नाही" वरून "एवढे लागतील, द्यायचे का" वर येते. कोणाला पाणी द्यायचं हा निर्णय मशीननं घेऊ नये, तो माणसांनी उघड घ्यावा, आणि त्यासाठी किंमत समोर दिसली पाहिजे. माझ्या मते या जोडीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, तिच्याकडे उत्तर शोधणारं यंत्र म्हणून बघितलं तर निम्मा फायदा हातचा जातो.

तिसरी फट, बिघाडांची यादी. अल्गोरिदम फक्त तुम्ही लिहिलेल्या बिघाडांपासून संरक्षण देतो. एकेक पाइप बंद करून बघायचा ही सगळ्यांची सवय, आणि खरं तर पाइप एकेकटे बंद होतच नाहीत. लिकेज झालं की दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह फिरवतात आणि मधला सगळा तुकडा कोरडा पडतो. विंटरमध्ये व्हॉल्व्हच्या जागा दिल्या की हे तुकडे आपोआप पडतात, फार उपयोगी सोय आहे, पण व्हॉल्व्ह नकाशावर असणं आणि फिरणं यात फरक आहे. मी यादी घेऊन तिथल्या जुन्या व्हॉल्व्हमनबरोबर फिरले. "काका, हा इथला?" "मॅडम, तो रस्त्याच्या कामात गेला डांबराखाली, आता पार पुढच्या चौकातनं बंद करतो आम्ही. आणि तो पलीकडचा फिरवायचाच नाही, फिरवला की स्पिंडल तुटतो." असे बरेच निघाले. ते मॉडेलमधून काढले तर तुकडे मोठे झाले आणि कुठले पाइप जोखमीचे ती यादी वरखाली झाली. नंतर अल्गोरिदमनं दिलेल्या स्वस्त पर्यायांमध्ये पाइप बदलणं मागे पडलं आणि व्हॉल्व्ह दुरुस्ती पुढे आली. त्या काकांना कोणी कधी विचारलं नव्हतं. पायमू कितीही चांगलं असू दे, ही माहिती त्यात नाही, ती त्यांच्याकडेच आहे.

बिघाड एकत्र येतात हेही लिहावं लागतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपलं ग्रिड पडलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही, साठ कोटींवर लोकांची लाईट गेली. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. पाण्याच्या मॉडेलमध्ये आपण एक पंप बंद पडला, दुसरा स्टँडबाय आहे असं समाधानानं लिहितो, पण दोन्ही पंप एकाच फीडरवर, म्हणजे एकाच वीजपुरवठ्याच्या लाईनवर, असतील तर स्टँडबायचा काय उपयोग? त्यामुळे बिघाडाचं एकक पंप नाही, फीडर धरा. विंटरमध्ये ठरावीक वेळेसाठी पंपाची वीज तोडता येते, दोन्ही पंपांना एकाच वेळी तोडा आणि टाक्या किती तास तग धरतात ते बघा. मग जनरेटर कुठल्या पंपहाऊसला, याचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या पंपहाऊसला असं येत नाही, ज्याच्या पुढची टाकी लहान आहे तिथे येतं.

वेळ किती लागतो, हे सगळे विचारतात. हिशोब करून बघा, १०० पर्याय, २०० पिढ्या, आणि नेट-३ चा प्रत्येक पाइप एकेकदा बंद, म्हणजे २३ लाख ४० हजार सिम्युलेशन. सेकंदाला एक धरलं तरी २७ दिवस. पायमूमध्ये कामं अनेक कोअरवर वाटायची सोय आहे, ती वापराच. त्याहून चांगला उपाय म्हणजे आधी चाळणी लावणं, जे पाइप बंद केल्यानं काहीच फरक पडत नाही ते बिघाडांच्या यादीतून काढून टाका. आणखी एक मार्ग म्हणजे प्रत्येक वेळी फोडून न बघता टोडिनी इंडेक्ससारखा एक आकडा वापरायचा, २००० साली इटलीच्या टोडिनींनी मांडलेला, नेटवर्कमध्ये गरजेपेक्षा किती ऊर्जा शिल्लक आहे ते तो सांगतो, एका सिम्युलेशनमध्ये मिळतो, विंटरमध्ये तयार आहे. पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका, त्याला मोठे व्यास आवडतात आणि पर्यायी मार्ग आहे की नाही याची पर्वा नसते. २००४ मध्ये प्रसाद आणि पार्क यांनी त्यात सुधारणा केली ती याचसाठी, लूपमधले पाइप साधारण सारख्या व्यासाचे असतील तर त्याला जास्त गुण द्यायचे. मी चाळणीसाठी इंडेक्स वापरते आणि शेवटचे निवडक पर्याय खरोखर फोडून बघते.

कुठे वापरू नये हेही सांगते, कारण हल्ली प्रत्येक गोष्टीला जेनेटिक अल्गोरिदम लावलेले प्रोजेक्ट बघायला मिळतात. वीजवाल्यांकडे ग्रिडवर लक्ष ठेवायला फेझर मेजरमेंट युनिट कुठे बसवायची हा प्रश्न असतो. १४ बसचं (बस म्हणजे वीजवाहिन्या जिथे जोडल्या जातात तो बिंदू) जे नेहमीचं आयट्रिपलई नमुना नेटवर्क आहे त्याला चार युनिट पुरतात, ११८ बसच्याला ३२, आणि हे इंटिजर प्रोग्रॅमिंगनं, म्हणजे हो-नाही अशा निवडींचं अचूक उत्तर काढणाऱ्या गणितानं, पटकन निघतं, शिवाय यापेक्षा कमी चालणारच नाही ही खात्रीही मिळते. तिथे उत्क्रांती लावून कमावलं काय? पाण्यातही तसंच. २००६ मध्ये सिनसिनाटीला एक स्पर्धा झाली होती, पाण्यात कोणी विष कालवलं तर लवकर कळावं म्हणून सेन्सर कुठे बसवायचे, एक नेटवर्क १२९ नोडचं, दुसरं १२,५२७ नोडचं. जेनेटिक अल्गोरिदमवाल्या टीम होत्या, पण कार्नेगी मेलनच्या टीमनं एकेक करून सगळ्यात फायद्याचा सेन्सर निवडत जायचं एवढ्या साध्या पद्धतीनं फार चांगले निकाल काढले, आणि ते का चांगले येतात त्याचं गणितही दिलं. म्हणून माझा नियम असा, आधी साधी पद्धत, मग उत्क्रांती. जिथे हायड्रॉलिक्स वाकडंतिकडं आहे, उद्दिष्टं दोन-तीन आहेत आणि निवडी एकमेकींवर अवलंबून आहेत, म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह, टाकी, जनरेटर सगळं एकत्र, तिथे पायमू लावा, तिथे त्याला तोड नाही.

आता तो कापलेला स्टार. इपानेट आणि विंटर दोन्ही चोवीस तास भरलेल्या पाइपांसाठी आहेत. कराडजवळचं मलकापूर किंवा नागपूरचे काही भाग असे मोजके अपवाद सोडले तर आपल्याकडे पाणी ठरावीक तास येतं, लाईन रोज रिकामी होते, रोज भरते, हवा अडकते, लोक टाक्या भरून ठेवतात. भरण्या-रिकामं होण्याचा तो काळ या मॉडेलमध्ये येत नाही, आणि आपल्याकडे पाइप फुटतात ते बरेचदा त्याच काळात. घरोघरच्या टाक्या एकत्र करून प्रत्येक जंक्शनला एक टाकी जोडायची, असा मार्ग काही जण काढतात, मीही तेच करते, चालतं, पण मॉडेल जड होतं आणि दाबाचे धक्के त्यातही दिसत नाहीत. त्यामुळे इथे आलेला कुठला पाइप आधी हा क्रम मी कधीच एकटा वापरत नाही, शेजारी फुटण्याच्या नोंदींचं रजिस्टर ठेवते. भूकंपाच्या भागाचंही तसंच. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ नंतर आपल्याकडे तो विचार व्हायलाच हवा, आणि विंटरमध्ये भूकंप घालायची सोय आहे, पण जमिनीचे धक्के अंतराप्रमाणे कसे कमी होतात त्याची आतली समीकरणं दख्खनच्या खडकासाठी केलेली नाहीत, त्यामुळे केंद्र इथे धरलं तर कुठला भाग जास्त उघडा पडतो एवढ्या तुलनेपुरतंच ते वापरा.

सुरुवात करायची असेल तर नेट-३ उघडा, दाबाची सेटिंग वर सांगितली तशी बदला, नदीचा ३३५ नंबरचा पंप आठ तास बंद करा आणि तिन्ही टाक्यांच्या पातळ्या एका आलेखावर काढा. मग पायमूला फक्त दोन उद्दिष्टं द्या, खर्च आणि सगळ्यात वाईट जंक्शनचे कोरडे तास. दरवेळी वेगळा सीड, म्हणजे रँडम निवडी जिथून सुरू होतात तो आकडा, देऊन चार-पाचदा चालवा, एकच चाल बघून विश्वास ठेवू नका, प्रत्येक वेळी जे पाइप निवडीत येतात तेच खरे. एवढं जमलं की तुमच्या गावाची फाइल घ्या आणि कोड उघडायच्या आधी तिथल्या व्हॉल्व्हमनला फोन लावा.